चमचाभर जागा

आमच्या घरीं मोजमापाविषयीं दोन मतें होतीं. आईचें मत असें, कीं सोनाराचें दुकान व वैद्याची पुडी एवढीं दोन स्थळें सोडलीं तर गृहस्थानें अंदाजानेंच चालावें. तिनें उभ्या जन्मांत स्वयंपाकघरांत वजनकांटा येऊं दिला नाहीं. आणि तिच्या हातच्या पुरणास किंवा लोणच्यास कांट्याची उणीव कधीं भासली, असेंहि कोणी म्हणणार नाहीं. वडिलांचें मत याच्या अगदीं उलट. जें मोजलें नाहीं तें आपणांस ठाऊक नाहीं, असें समजून चालणाऱ्यांपैकीं ते होते. १९७८ सालीं त्यांनीं प्रीमियर पद्मिनी मोटार घेतली, त्या दिवशींच एक लांबट वही घातली. आणि पुढें तेहतीस वर्षें, म्हणजे स्वतःच्या अखेरच्या आजारापर्यंत, पेट्रोलचा प्रत्येक लिटर व दुरुस्तीचा प्रत्येक रुपया त्यांनीं तींत उतरवून ठेविला. २०११ सालीं ते गेले. मोटार व वही या दोन्ही वस्तु माझ्या वांट्यास आल्या.

त्यानंतर कांहीं वर्षें मोटार चालली, कांहीं वर्षें नुसती उभी राहिली. शेवटीं शेवटीं ती निळा धूर सोडूं लागली व चढावर माणसाच्या चालीनें जाऊं लागली. २०२४ च्या पावसाळ्यांत तिचें काय करावें, हा प्रश्न निघाला. धाकट्या भावाचें म्हणणें, कीं ती भंगारांत द्यावी. जुन्या वस्तूंवरील माया म्हणजे त्यांच्यावर होणाऱ्या खर्चाचें दुसरें नांव आहे. त्याचा हिशोब खोटा नव्हता. आई आतां शहाऐंशी वर्षांची आहे. तिनें वादांत भाग घेतला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "ह्यांच्या गाडीतून एकदा गुहागरला व्याडेश्वराला जाऊन येऊ. मग काय ते करा."

व्याडेश्वर आमचें कुलदैवत. पुण्याहून कोयनेच्या वाटेनें गुहागरास जावयाचें म्हणजे कुंभार्ली घाट उतरावयाचा, आणि येतांना तोच चढावयाचा. उतरणें एकवेळ गाडीच्या मर्जीवर सोडतां येतें. चढणें इंजिनाच्या जिवावर असतें. तेव्हां इंजिन नव्यानें बांधावयाचें ठरलें.

या मोटारीची ओळख मराठी वाचकांस करून देण्याचें कारण नाहीं. शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहानें १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीनें इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत बनविली. १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ऑक्टोबर १९२३ नव्हे, अगदीं अलीकडे, ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. तिच्या इंजिनास चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर व पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. या दोन आंकड्यांवरून एका सिलिंडरची फेंक २७२.४ घन सेंटिमीटर येते. चारांची मिळून १०८९. शाळेंत वृत्तचितीचें घनफळ ज्यानें काढलें आहे, त्यास हें गणित कागदावर पांच मिनिटांचें.

आमचे मिस्त्री सत्तरीच्या घरांतले. पद्मिनीवर त्यांनीं हयात घालविली. इंजिन उघडल्यावर त्यांनीं सिलिंडरांतून बोट फिरविलें व एवढेंच म्हणाले, "साहेब, बोअर करावा लागेल. अंडाकृती झालाय." लेथवाल्याकडे सिलिंडर तासून व्यास ६८.६ मिलिमीटर झाला. हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारें ॲल्युमिनियमचें झांकण, वांकलें होतें; तेंहि किंचित् घासून सपाट केलें. नवे पिस्टन बाजारांतून आणले. आतां जोडणी करावयाची, तोंच मीं वडिलांचा मुलगा असल्यासारखा प्रश्न विचारला: "मिस्त्री, आतां याचें कॉम्प्रेशन किती झालें?"

मिस्त्री म्हणाले, "बांधून झालं की घड्याळ लावून बघू."

येथें थोडें समजावून सांगणें प्राप्त आहे. ज्या वाचकांस यंत्रांचा कंटाळा असेल, त्यांनीं होळीची पिचकारी डोळ्यांपुढें आणावी. सिलिंडर म्हणजे पिचकारीची नळी व पिस्टन म्हणजे तिचा दट्ट्या. दट्ट्या तळाशीं असतांना त्याच्यावर जेवढी एकूण पोकळी असते, तिला दट्ट्या शिखरास पोहोंचल्यावर उरणाऱ्या पोकळीनें भागावें. जो आंकडा येईल तें संपीडन-गुणोत्तर. पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण ठिणगी पडण्यापूर्वीं किती पट दाबलें जातें, हें तो आंकडा सांगतो. मिस्त्री ज्या घड्याळाविषयीं बोलत होते तें दाब मोजतें. तो दाब रिंगा, वाल, इंजिनाचा वेग व वाल केव्हां मिटतो या सर्वांवर अवलंबून असतो; रिंगा गळत असल्या तर मोठ्या गुणोत्तराचें इंजिनहि घड्याळावर कमी दाब दाखवील. घड्याळ इंजिनाची प्रकृति सांगतें, घडण सांगत नाहीं. घडण मोजूनच काढावी लागते, आणि तीहि झांकण बसविण्यापूर्वीं.

हें गुणोत्तर वाढलें तर चांगलें कीं वाईट? निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं चार धांवांचें इंजिन चालवून दाखविलें, तेव्हांपासून इंजिनें बांधणाऱ्यांस हें कोडें घालीत आलें आहे. शास्त्र सांगतें, कीं मिश्रण जितकें अधिक दाबावें, तितकें त्याच्या उष्णतेंतून अधिक काम निघतें. आदर्श इंजिनाचें सूत्र घेतलें, तर साडेसात पट दाबल्यास शेंकडा ५५ भाग काम मिळतें. साडेआठ पट दाबल्यास साडेसत्तावन्न. प्रत्यक्ष इंजिनांत याहून पुष्कळच कमी मिळतें, पण चढती दिशा तीच. मग वीस पट कां दाबूं नये? याचें कारण सायकलचा पंप मारतांना ज्याचें बोट भाजलें आहे त्यास ठाऊक आहे: हवा दाबली कीं तापते. मर्यादेबाहेर दाबलेल्या मिश्रणास ठिणगीनें एका टोंकास आग लागली, कीं तिची झळ पोहोंचण्यापूर्वींच दुसऱ्या टोंकाचा भाग आपणहून भडकतो. त्याचा आवाज लोखंडावर हातोडी मारल्यासारखा येतो. मिस्त्री लोक त्यास नॉकिंग म्हणतात. सपाटीवर तें ऐकूं येणारहि नाहीं. पण घाटांत, भरल्या गाडीनें, सावकाश चढतांना सुरू झालें, तर पिस्टन व गॅसकेट यांचा निकाल लागावयास वेळ लागत नाहीं.

हॅरी रिकार्डो या इंग्रज यंत्रज्ञानें मुद्दाम गुणोत्तर बदलतां येईल असें इंजिन बांधून, कोणतें इंधन कोठवर दाब सोसतें हें १९२० च्या सुमारास तपासलें. अमेरिकेंत टॉमस मिजली यानें १९२१ सालीं पेट्रोलमध्यें शिशाचें एक संयुग मिसळून हा आवाज बंद केला. आणि त्या शिशाचें विष शहरांच्या हवेंत पसरलें. आपल्याकडे शिशाचें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. आतां पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळतात. त्याचें प्रमाण २०२५ सालीं शेंकडा वीसवर पोहोंचलें. इथेनॉल दाब बरा सोसतें, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांस मानवत नाहीं, म्हणून त्या आम्हीं बदलून घेतल्या. आमच्या पद्मिनीचें मूळ गुणोत्तर सात व आठ यांच्या दरम्यानचें, म्हणजे जुन्या हलक्या पेट्रोलास सोसेल असें बेताचें. साडेआठपर्यंत जाण्यास मला भय नव्हतें. त्यापलीकडे, सत्तेचाळीस वर्षांच्या इंजिनावर आईस बसवून घाट चढण्याची माझी छाती नव्हती.

मीं कागद घेतला. बोअर वाढल्यानें सिलिंडरची फेंक २७२.४ वरून २७७.२ झाली होती, म्हणजे ४.८ घन सेंटिमीटरांची वाढ. घरांतल्या लहान चमच्यांत पांच घन सेंटिमीटर मावतात. तेव्हां सर्व यातायात करून आम्हीं प्रत्येक सिलिंडरांत जेमतेम चमचाभर जागा वाढविली होती. सोईसाठीं मूळ गुणोत्तर साडेसात धरलें, तर शिखरावर उरणारी पोकळी ४१.९ येते. ती तशीच राहिली असती, तर नवें गुणोत्तर ७.६२ झालें असतें. यांत कांहींच बिघडत नाहीं. पण मग सहज मनांत आलें, कीं हाच चमचा खालच्या मोठ्या जागेंत न घालतां वरच्या लहान जागेंतून काढून घेतला तर? ४१.९ चे ३७.१ होतात, आणि गुणोत्तर साडेसातावरून ८.३४ वर जातें. तोच चमचा, पण मोठ्या घरांत त्याची दादहि लागत नाहीं, आणि लहान घरांत तो सर्व व्यवहार फिरवितो. हेड किती वेळां घासलें गेलें आहे, याची मला पहिल्यानें काळजी वाटली ती येथें.

हेडांतील खळगा वेडावांकडा असतो. त्यास सूत्र लागत नाहीं. तो भरूनच मोजावा लागतो. ओळखीच्या एका रसायनाच्या प्राध्यापकांकडून ब्युरेट मागून आणली. हेड उलथें करून समपातळींत ठेविलें, स्पार्क प्लग बसविला, वालांच्या बैठकांस ग्रीस लाविलें, वर छिद्र पाडलेलें पारदर्शक ॲक्रिलिक ग्रीसानें चिकटविलें, आणि पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा टाकून जांभळें केलेलें पाणी थेंबाथेंबानें आंत सोडलें. मिस्त्री चहाचा पेला हातांत घेऊन हा समारंभ पाहत होते. ते म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षांत पद्मिनीला असं तीर्थ कुणी पाजलं नव्हतं."

पहिले दोन खळगे २८.४ व २८.६ भरले. तिसरा २६.८ वर भरून वाहूं लागला. माझ्या तोंडचें पाणी पळालें. तीनच खळगे सारखे व एक निराळा म्हणजे इंजिन जन्मभर लंगडणार. पुन्हां मोजला, पुन्हां तेंच. मग मिस्त्रींनीं खालीं वांकून कांचेंतून पाहावें तसें ॲक्रिलिकमधून पाहिलें, हेड एका बाजूनें बोटभर उचललें, आणि प्लगाच्या कोनाड्यांत दडलेला हवेचा एक मोठा बुडबुडा गडगडत छिद्राशीं आला. तिसरा खळगा २८.२ भरला. चवथा २८.४. सरासरी २८.४.

आतां बाकीच्या रकमा. गॅसकेट दाबल्यावर १.२ मिलिमीटर जाड राहतें, त्याच्या भोंकाचा व्यास ७० मिलिमीटर. त्याची पोकळी ४.६. पिस्टन शिखरास असतां त्याची कड ब्लॉकच्या तोंडापासून अर्धा मिलिमीटर खालीं राहते, तिची १.८. बेरीज ३४.८. सूत्रांत घातली, तर गुणोत्तर ८.९७. म्हणजे नऊच म्हणावयाचें. माझ्या मर्यादेहून अर्ध्यानें अधिक. एवढ्यास ठिणगीची वेळ थोडी मागें घेऊन भागेल कां, असा विचार करीत मीं कागद मिस्त्रींपुढें ठेविला. त्यांस सूत्र वाचतां येत नव्हतें, पण रकमांचीं नांवें त्यांनीं एकेक विचारून घेतलीं. मग बाजूस ठेवलेला नवा पिस्टन उचलून माझ्या हातांत दिला.

"साहेब, ह्याला टोपी आहे. ती धरली का?"

ती धरली नव्हती. आमचे जुने पिस्टन माथ्यावर सपाट होते; दुकानदारानें दिलेले नवे मधोमध किंचित् फुगीर होते. व्यास तोच, पिनेचें भोंक तेंच, म्हणून कोणीं लक्ष दिलें नव्हतें. जो मनुष्य मोजमापास हंसत होता, त्यानेंच माझ्या मोजमापांतील चूक दाखविली; आणि ती कागद पाहून नव्हे, पिस्टनवरून अंगठा फिरवून.

टोपीहि भरूनच मोजली. पिस्टन सिलिंडरांत बसवून त्याची कड तोंडापासून बरोबर दहा मिलिमीटर खालीं नेली, भोंवतालची फट ग्रीसानें बुजविली, वर तीच ॲक्रिलिकची चकती. पिस्टन सपाट असता तर तेथें ३७ घन सेंटिमीटर डिझेल मावावयास हवें होतें. सिरिंजनें घालून पाहिलें तों ३४.४ च मावलें. म्हणजे टोपी २.६ ची, अर्धा चमचा. ३४.८ तून ती वजा जातां ३२.२ उरले, आणि गुणोत्तर ९.६१ झालें. हें इंजिन तसेंच बांधलें असतें, तर पुण्याच्या रस्त्यांवर तें तरतरीत चाललें असतें, आम्हीं मिस्त्रींची पाठ थोपटली असती, आणि कुंभार्लीच्या चवथ्या-पांचव्या वळणावर त्यानें आपला हिशोब चुकता केला असता.

पण हेडाचा खळगा एवढा लहान कसा झाला? मिस्त्रींनीं भंगारवाल्याकडून दुसरें एक जुनें हेड आणलें. दोन्हींची जाडी ताडून पाहिली, तों आमचें सुमारें दोन मिलिमीटरांनीं पातळ भरलें. हेड एक मिलिमीटर घासलें, कीं खळग्यांतून तीनेक घन सेंटिमीटर जातात. आम्हीं तर या खेपेस नांवापुरतेंच घासलें होतें. उरलेलें कोणीं व केव्हां घासलें?

त्या रात्रीं वडिलांची वही काढली. हेड फेस केल्याची नोंद तीन वेळां सांपडली: १९८६, १९९४ आणि २००३. प्रत्येक वेळीं रक्कम लिहिलेली, तारीख लिहिलेली, किलोमीटर लिहिलेले. परंतु किती घासलें तें एकदांहि लिहिलेलें नाहीं. थेंब थेंब मोजणाऱ्या मनुष्यानें हें कसें सोडलें, याचें प्रथम आश्चर्य वाटलें. मग उमगलें, कीं त्यांस तें कोणीं सांगितलेंच नसावें. ज्या कारखान्यांत काम झालें तेथें हेड सपाट झालें कीं काम संपलें. घासून गेलेली धातु जमिनीवर पडते व झाडून टाकतात. गिऱ्हाइकास सपाट पृष्ठभाग दिसतो, गेलेली जागा दिसत नाहीं.

१९९४ ची नोंद मात्र मला वाचण्यापूर्वींच पाठ होती. त्या मे महिन्यांत मीं मित्रांस घेऊन, वडिलांस न विचारतां, गाडी पांचगणीस नेली होती. पसरणीच्या घाटांत पंख्याचा पट्टा तुटला. पाण्याचा कांटा लाल रेघेच्या पार गेलेला मला दिसत होता. पण पाचगणी समोर दिसत होती, आणि वय वीस वर्षांचें होतें. मीं गाडी थांबविली नाहीं. वर पोहोंचल्यावर तिच्यांतून वाफ निघाली. वडील दुसऱ्या दिवशीं बसनें आले. मला वाटलें होतें, कीं आतां जन्मभराचें ऐकावें लागेल. त्यांनीं रेडिएटरास हात लावून पाहिला, मला "जेवलास का?" एवढें विचारलें, आणि गाडी ओढून नेण्याची व्यवस्था केली. त्यांच्या वहींत त्या दिवसाखालीं एवढेंच आहे: पट्टा तुटला, पाणी आटलें, हेड वांकलें, फेस करविलें, आणि पुढें खर्चाचा आंकडा. गाडी कोण चालवीत होतें, याचा रकानाच त्या वहींत नव्हता.

तीस वर्षांपूर्वींच्या त्या दुपारचें माप मला आतां प्रथम मिळालें. दोन मिलिमीटरांतील निदान एक वांटा माझा होता. वडिलांनीं क्षमा केली, घरांत तो विषय पुन्हां निघाला नाहीं, मीहि तो विसरलों; परंतु धातु कांहीं विसरली नाहीं. दर दुरुस्तीनें हेड नव्यासारखें दिसूं लागलें, आणि दर दुरुस्तीनें त्यांतली राहण्याची जागा थोडी कमी झाली. मनुष्यांतील तंटे मिटवितांना आपण असेंच करीत असूं, असें मनांत येऊन गेलें. वरून सपाट झालें, कीं मिटलें म्हणतों.

दुसऱ्या दिवशीं कागद घेऊन मिस्त्रींकडे गेलों. साडेआठ गुणोत्तरासाठीं वर सुमारें ३७ घन सेंटिमीटर पोकळी हवी, आहे ३२.२. तूट ४.८. बोअर करून आम्हीं खालीं जेवढी जागा वाढविली, तेवढीच, तीच चमचाभर जागा, वर हवी होती. मिस्त्रींनीं तीन उपाय मांडले. दोन गॅसकेटें एकावर एक घालणें हा पहिला. पण तसें सांधलेलें झांकण घाटांत तग धरील याची हमी ते देईनात. दुसरा उपाय पिस्टनांची टोपी लेथवर कापणें. पण माथा आंतून किती जाड आहे हें ठाऊक नसतां कापणें त्यांस पसंत नव्हतें. तिसरा, पिस्टन परत करून सपाट माथ्याचे शोधणें. यांत पंधरा दिवस गेले, परंतु पिस्टन मिळाले. २.६ ची भरपाई झाली. बेरीज पुन्हां ३४.८ वर आली.

उरलेले दोन घन सेंटिमीटर मिस्त्रींच्या हातांनीं काढले. लहान ग्राइंडर घेऊन त्यांनीं प्रत्येक खळग्याची भिंत वालांच्या बाजूस, जेथें धातु भरपूर आहे तेथें, अगदीं थोडी थोडी कोरली. ते कोरीत, मीं पाणी घालून मोजीत असें. "अजून अर्धा सी. सी.," मीं म्हणे. ते यंत्र न लावतां आधीं अंगठा फिरवीत, आणि मग तेवढाच अर्धा सी. सी. काढीत. दोन दिवसांत चारी खळगे ३०.४ च्या आसपास आले. एकमेकांत अंतर दोन-दशांशाहून अधिक नाहीं. बेरीज ३६.८. गुणोत्तर ८.५३. मिस्त्रींनीं तो आंकडा हेडाच्या कडेवर खडूनें लिहिला व म्हणाले, "आता हे हेड पुन्हा फेसला देऊ नका. ह्याच्यात आता द्यायला काही उरलं नाही."

२०२५ च्या जानेवारींत आम्ही गुहागरास गेलों. आई मागच्या आसनावर, उजवीकडे, तिच्या ठरलेल्या जागेवर बसली होती. भाऊ आपल्या नव्या गाडीनें मागून येत होता. न जाणों, दोरी बांधून ओढावें लागलें तर, असें तो म्हणाला. देवाचें दर्शन, अभिषेक, प्रसाद सर्व यथासांग झालें. तिसऱ्या दिवशीं चिपळुणाहून परत निघालों, आणि घाट समोर आला.

दुसऱ्या गियरवर गाडी चढूं लागली. मीं कांच खालीं केली आणि कान देऊन ऐकूं लागलों. आईहि गप्प बसली होती. पहिलें वळण, दुसरें, तिसरें. पाण्याचा कांटा मध्यावर. इंजिन जड आवाजांत, पण एका सुरांत बोलत होतें. तो हातोडीचा आवाज कोठें नव्हता. मध्येंच एका तीव्र चढावर ट्रकामागें अगदीं सावकाश जावें लागलें, तेव्हां माझे तळहात ओले झाले. पण तोहि चढ तसाच गेला. माथ्यावर येऊन मीं गाडी कडेला घेतली. मागून आईचा आवाज आला, "झालं ना? आता बोला. घाटात बोललेलं ह्यांना आवडायचं नाही, आवाज ऐकू येत नाही म्हणून."

तिनें कधींहि कांहीं मोजलें नाहीं. पण काय ऐकावयाचें आहे, हें तिला चांगलें ठाऊक होतें. भावानें आपली दोरी न सांगतां परत डिकींत ठेविली, आणि गाडी भंगारांत देण्याची गोष्ट त्यानें त्यानंतर काढलेली नाहीं.

घरीं आल्यावर वडिलांच्या वहींत पुढची नोंद केली. बोअर ६८.६, चारी खळगे, गॅसकेट, गुणोत्तर ८.५३. खालीं लिहिलें, कीं हेड मूळच्यापेक्षां सुमारें दोन मिलिमीटर कमी आहे, पुन्हां घासूं नये. पुढें ज्याच्या हातीं ही गाडी जाईल, त्यास मला पडला तो प्रश्न पडूं नये, एवढाच हेतु. मग पानें मागें उलटलीं, १९९४ च्या मे महिन्यांतील ती ओळ काढली, आणि तिच्या शेवटीं थोडी जागा कोरी होती, तींत बारीक अक्षरांत लिहिलें: गाडी मीं चालवीत होतों.